कडेला करपलं, मधे कच्चं

लिसिआतेच्या हातची लू खाऊन कुणाचा घसा खवखवला, असं आजवर कधी झालं नव्हतं. बेटावरच्या त्या गावात त्याच्याबद्दल बाकी काहीबाही बोललं जायचं. तो चिडका आहे, चर्चमध्ये खर्जात गाताना इतरांच्या पुढे धावतो, कुणाची कुदळ आणली की परत द्यायचं विसरतो. पण लू म्हटली की नाव त्याचंच. अळूची कोवळी पानं एकावर एक पसरायची, मधे खारवलेल्या मांसाचे तुकडे आणि कांदा, वर नारळाचं दाट दूध. मग पानांची मोट वळून ती फॉईलमध्ये घट्ट गुंडाळायची आणि उमूत ठेवायची. जमिनीत खड्डा, तळाशी लाल झालेले दगड, त्यावर अन्न, वर केळीची पानं, पोती आणि माती, एवढीच उमू. ती गावातला प्रत्येक पुरुष लावतो. तरी लिसिआतेची उमू उघडली की शेजारची कुत्रीसुद्धा कुंपणाशी शहाण्यासारखी येऊन बसत.

आणि त्याच लिसिआतेची लू पाळक साइमोने यांच्या घशाला लागली.

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार होता. पाळकांच्या जेवणाची पाळी लिसिआतेच्या घराण्याकडे होती. पाळकांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि खाकरले. पाणी प्याले. परत खाकरले. जेवणानंतर आशीर्वादाचे चार शब्द बोलायला उभे राहिले तर आवाज फुटक्या पत्र्यासारखा. पाळक भला माणूस. म्हणाले, "हवा बदललीय."

पण हवा बदललेली नव्हती हे पंगतीतल्या प्रत्येकाच्या जिभेला कळलं होतं. अळू कच्चं राहिलं होतं. पाळकांसाठी केलेली पुडी आधी उघडून चाखायची नाही, हा त्या घरचा नियम. त्यामुळे लिसिआतेला ते कळलं तेव्हा सगळ्यांच्या बरोबरच कळलं. लोक एकमेकांकडे न बघता पाणी पीत होते. लिसिआते आपल्या ताटाकडे बघत होता.

दोष उमूचा नव्हता. उमू लावलीच नव्हती. जूनमध्ये भोपळ्यांच्या ट्रकवरून उतरताना लिसिआतेचा पाय घसरला आणि खुब्याच्या हाडाला तडा गेला. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं, खणायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, दगड उचलायचे नाहीत. "मग उमूच लावायची नाही असं सरळ का सांगत नाही हा माणूस?" घरी येताना लिसिआते सुनेला म्हणाला होता. सून सुलिआ म्हणाली, "सरळ सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?" सुलिआचा नवरा, म्हणजे लिसिआतेचा मुलगा, फळं तोडायच्या कामावर ऑस्ट्रेलियात होता. घरात सासरा, सून आणि डुकरं.

ही बातमी ऑकलंडला पोचली आणि लोसालिनेनं, लिसिआतेच्या मुलीनं, पुढच्या बोटीनं लाकडी पेटारा पाठवला. त्यात गाद्या होत्या, पीठ होतं, डब्यातलं मांस होतं, आणि सगळ्याच्या मधोमध दोन चादरींत गुंडाळलेला एक काळा मायक्रोवेव्ह. साधा नव्हे, कॉम्बिनेशन. त्यात मायक्रोवेव्हही होता, गरम हवेची भट्टीही होती, आणि एक बटण दाबलं की दोन्ही एकदम चालायचं.

"बाबा, हा तुमच्या उमूसारखाच आहे," लोसालिने फोनच्या पडद्यावरून म्हणाली होती. "फक्त खणायला नको. आणि वेळ निम्मा."

"निम्म्या वेळात अळू शिजत नाही."

"यात शिजतं. आतून मायक्रोवेव्ह शिजवतो, बाहेरून गरम हवा."

लिसिआतेला ते पटलं. उमूतही तसंच असतं, खालून दगड, वरून वाफ. त्यानं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं, त्यावर विणलेला रुमाल घातला, आणि झरोके झाकले जातायत म्हणून सुलिआनं तो काढून टाकला. तिथून सासरा-सुनेचं जे सुरू झालं ते महिनाभर चाललं.

पहिल्या खेपेला त्यानं लूच्या पुड्या तारेच्या जाळीवर नीट रचल्या आणि दोन्हीचं बटण दाबलं. आत चट्कन निळी ठिणगी उडाली. सुलिआ किंचाळून मागे सरली.

"बाबा, आत वीज पडली!"

"वीज वरून पडते. ही आतल्या आत पडतेय."

"मग बंद करा ना!"

लोसालिनेला फोन गेला. ती म्हणाली, जाळी भिंतीला लागत असेल, ती काढा आणि चिनी मातीच्या ताटात ठेवा. त्यानं तसं केलं, पुड्या भिंतीपासून दूर ठेवल्या, ठिणग्या थांबल्या. लिसिआतेला वाटलं, चला, दुखणं सापडलं.

पुड्या कशात गुंडाळल्यात, हे लोसालिनेनं विचारलं नाही. यंत्राच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर फॉईलवर फुली मारलेलं चित्र होतं, ते बाबांनी पाहिलं असेलच असं तिनं धरलं होतं. तो कागद प्रवासात गळून गादीच्या खोळीत गेला होता. आणि लिसिआतेनं आपण होऊन सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? लू म्हणजे फॉईल आलीच. चहा केला म्हणणारा माणूस कपात ओतला असं वेगळं सांगत नाही.

एकदा पुरतं शिजवून चाखायच्या आतच रविवार आला, आणि पाळकांची पाळी होती. रताळी आणि लू एकाच ताटात ठेवून, बटण दाबून तो चर्चला गेला, जसा उमूवर माती ओढून जायचा तसाच. त्याचं काय झालं ते सांगितलंच.

त्या संध्याकाळी घराण्याची बैठक भरली. लिसिआते आणि इतर पुरुष ओसरीत, आणि आतल्या खोलीत सेइनी. सेइनी ही लिसिआतेची थोरली बहीण, घरातल्या सगळ्या मुलांची आत्या, आणि घराण्यात शेवटचा शब्द तिचा. भाऊबहीण समोरासमोर बसून बोलत नसत. म्हातारपणी तर अजिबातच नाही. ती आतून सांगायची, कुणीतरी बाहेर येऊन बोलायचं.

ओसरीत केलेपीनं तोंड उघडलं. केलेपी चुलतभाऊ, वयानं बराच लहान, दंड लाकडासारखे, आणि घराण्याची लू आपल्या हातात यावी म्हणून किती वर्षं टपून बसला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा, तू आता बस," तो म्हणाला. "किती राबशील? लू मी करतो. तू नुसतं खा."

"तुझी लू खाण्यापेक्षा मी पानं कच्ची खाईन."

"कच्ची तर आम्ही खाल्लीच दुपारी."

हसू फुटलं. जुने लोकसुद्धा हसले. लिसिआतेचे कान तापले.

"यंत्र नवीन आहे," तो म्हणाला. "हात बसायला वेळ लागतो."

"बसू दे की. पण पाळकांच्या घशावर कशाला बसवतोस?"

सुलिआ आतून आली. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "आत्या म्हणतात, जानेवारीत प्रार्थनेच्या आठवड्यात बुधवारची पंगत आपल्याकडे आहे. त्या दिवशीची लू बाबाच करतील. पण पुन्हा कुणाचा घसा खवखवला, तर लू केलेपीकाकांकडे. कायमची."

केलेपीनं मान डोलावली. यात अन्याय नव्हता, आणि लिसिआतेला तेच झोंबलं. त्यांच्या घराण्यात प्रत्येक पदार्थाला एकेक माणूस होता. डुकराचा एक, माशाचा एक, कोनफळाचा एक. पदार्थ गेलेला माणूस मग पंगतीच्या वरच्या टोकाला जाऊन बसायचा. त्याला आधी वाढायचे, त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे, आणि तो उठून गेला तरी कुणाचं काही अडायचं नाही. लिसिआतेनं आपल्या काकांना तसं बसलेलं पाहिलं होतं. काका दिवसभर झोपून असायचे, आणि जेवण झालं की पुन्हा झोपायचे.

दुसऱ्या दिवसापासून तो त्या यंत्राच्या मागे लागला.

सुलिआ परसातून अळू आणायची, तो पुड्या बांधायचा. यंत्र चालू व्हायचं, ताट गोल फिरायचं, आतला दिवा लागायचा, आणि निम्म्या वेळानं यंत्र शिट्टी मारून मारून सांगायचं की मला उघडा, फिरवा. लिसिआते बटण दाबून त्याला गप्प करायचा.

"ते काहीतरी सांगतंय, बाबा."

"सांगू दे. शिजत असताना उघडायचं नसतं."

"लोसालिनेपण तेच म्हणाली होती, मधे उघडून वरखाली करा."

"लोसालिनेनं जन्मात उमू लावली नाही. मधे डोकावणाऱ्याची उमू मरते. माझ्या बापानं एकदा एका माणसाला फावडं घेऊन पळवलं होतं, डोकावला म्हणून."

"तो उमूत डोकावला होता. हे टेबलावर आहे."

"गप बस."

दार शेवटी उघडायचं आणि तीच कथा. पुडीची बाहेरची पानं फॉईलला चिकटून काळी, त्याच्या आत हिरवी, आणि मधोमध नारळाचं दूध कोमट, पांढरं, तसंच्या तसं. पानाचा तुकडा जिभेवर ठेवला की लगेच सुयांसारखं टोचायचं. आणि त्याच ताटात ठेवलेली रताळी मात्र अशी कडक की सुरी जाईना. एकाच ताटात एक कच्चं आणि एक दगड. लिसिआतेच्या अकलेत हे बसेना. यंत्र गरम नाही म्हणावं तर रताळ्याचं काय? फार गरम म्हणावं तर लूचं काय?

त्याला वाटलं, ऊब कडेला जास्त असणार. त्यानं रताळी मधे ठेवली आणि पुड्या कडेला. रताळी दगडच. लू कच्चीच. पुड्या कमी केल्या, दोनच ठेवल्या. तरी तेच. वेळ वाढवली. तेव्हा पानाची बाहेरची घडी कोळसा झाली, घरभर धूर झाला, दूध फाटलं, आणि मधला घास तरी खाजराच. मांस स्वस्त नव्हतं, म्हणून सुलिआनं हळूहळू पुड्यांत मांसाऐवजी नुसता कांदा घालायला सुरुवात केली. लिसिआतेला ते कळलं, पण कच्च्या लूत मांस घालणं त्यालाही पटत नव्हतं.

एकदा त्यानं रागानं ते रताळं खिडकीतून डुकरिणीपुढे फेकलं. तिनं ते हुंगलं, पायानं लोटलं आणि निघून गेली.

"बघा," सुलिआ म्हणाली, "आता तिलाही केलेपीकाकांची लू आवडणार."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी माझ्या घशाच्या बाजूची आहे. रोज चाखतेय कोण? मी."

हे खरं होतं. तिचा आवाजही जरा बसलाच होता.

नाताळ आला आणि गेला. केलेपी येता-जाता कुंपणाशी थांबायचा. "काय दादा, पेटी काय म्हणते?" असं विचारायचा. एकदा तर म्हणाला, "दादा, एक खड्डा मी खणून देतो. तू खुर्ची टाकून बस आणि सांग कसं करायचं." तो हे मनापासून म्हणाला होता की टोचायला, ते कळेना. लिसिआते म्हणाला, "खड्डा माझ्यासाठी खणशील तेव्हा पाळकांना बोलाव." केलेपी हसत गेला. लिसिआते मात्र आत येऊन त्या काळ्या दारात स्वतःचं तोंड बघत बराच वेळ बसून राहिला. जे शेंबडं पोरही बटण दाबून वापरतं ते आपल्याला जमत नाही. उमूची राख हातावर घेऊन दगड तयार आहेत की नाहीत हे सांगणारा माणूस, आणि या पेटीला हात लावून काहीच कळत नाही. बाहेरून ती नेहमी सारखीच, ना पुरती थंड, ना गरम.

प्रार्थनेचा आठवडा सुरू झाला त्या सोमवारी सकाळी सुलिआला भूक लागली. आदल्या दिवशीची एक फसलेली पुडी उरली होती. तिनं फॉईल सोडून टाकली, कारण ठिणग्यांची भीती तिच्या मनातून गेली नव्हती. उघडी लू काचेच्या वाडग्यात घातली आणि नुसता मायक्रोवेव्ह लावला.

लिसिआते टेबलाशी बसून चहात पाव बुडवत होता. दिव्याच्या उजेडात वाडगं फिरत होतं. बघता बघता मधलं पांढरं दूध थरथरलं, मग त्याला बुडबुडे आले, मग ते भदाभद उकळून वाडग्याच्या कडेनं खाली आलं.

पाव चहात विरघळला तरी लिसिआतेचा हात तसाच.

"सुलिआ."

"पुसते, पुसते. ओरडू नका."

"ओरडत नाही. ते मधे उकळलं."

"मग?"

"महिनाभर जे मधे उकळत नव्हतं, ते आत्ता मधेच आधी उकळलं."

"कालचं आहे ना, अर्धं शिजलेलं—"

"अर्धंबिर्धं काही नाही. दोन रताळी आण. सारख्या मापाची."

तिनं आणली. त्यानं एक फॉईलमध्ये गुंडाळलं, घट्ट, कडा दाबून. दुसरं तसंच उघडं. दोन्ही ताटात लांब लांब ठेवली, नुसता मायक्रोवेव्ह लावला आणि सुलिआला दारापासून दूर उभं राहायला सांगितलं. थोड्या वेळानं बाहेर काढली. उघडं रताळं हातात धरवेना, वाफ येत होती. फॉईलमधलं सोडलं तर आत जसं परसातून आणलं तसं गार.

लिसिआतेनं ते गार रताळं गालाला लावलं. मग दुसरं टेबलावर आपटलं. मग शिवी दिली, जी त्या घरात प्रार्थनेच्या आठवड्यात द्यायची नसते.

"फॉईल," तो म्हणाला. "फॉईल त्याला आत जाऊ देत नाही. महिनाभर मी त्याच्या तोंडावर दार लावून त्यालाच शिव्या घालतोय. सगळा जोर त्या रताळ्यांवर गेला, म्हणून ती दगड. आणि लूला नुसती गरम हवा, तीही निम्मा वेळ. कशी शिजणार?"

"मग फॉईल नको."

"फॉईल नको तर बांधू कशात? वाडग्यात घालून लू पाळकांपुढे ठेवू? ती काय आमटी आहे?"

सुलिआनं सांडलेलं दूध पुसायला घेतलं. तिनं जन्मापासून लू फॉईलमध्येच पाहिली होती. लिसिआतेनं मात्र लहानपणी वेगळं पाहिलं होतं. तेव्हा गावात फॉईल नव्हती. आई केळीचं पान विस्तवावरून फिरवायची, ते गडद हिरवं आणि मऊ झालं की त्यात लू बांधायची, आणि पानाच्याच दांड्याची दोरी. पुढे दुकानात फॉईल आली, एक ओढ आणि एक पिळा, दूध गळायचं नाही, आणि दोन-चार वर्षांत सगळ्यांनी पान सोडलं. सगळ्यांच्या आधी लिसिआतेनं सोडलं होतं.

मंगळवारी दोघांनी केळीची पानं कापून आणली. सुलिआ चुलीच्या जाळावरून पान फिरवत होती आणि ते तिच्या हातात फाटत होतं.

"हळू. भाजू नको, शेक."

"दोन्हीत फरक काय?"

"पान सांगतं. चकाकलं की काढ."

"तुम्हाला पान सांगतं, यंत्र सांगतं तेव्हा ऐकत नाही."

लिसिआतेनं पुडीची दोरी आवळली. पहिल्या चार पुड्या ताटात ठेवल्या आणि चालू केलं. दूध जरा गळलं, पण आत उकळल्याचा वास आला. निम्म्यात यंत्रानं शिट्टी मारली. लिसिआतेचं बोट बंद करायच्या बटणाकडे गेलं आणि तिथंच थांबलं. सुलिआ बघत होती.

त्यानं दार उघडलं. ज्या माणसानं आयुष्यात शिजती उमू उघडली नव्हती, त्यानं तोंड फिरवून, नको ते बघावं तसं उघडलं. वाफ बाहेर आली. कडेच्या तीन पुड्या तापलेल्या, मधे ठेवलेली एक अजून कोमट. म्हणजे या ताटात मधल्या जागेलाच ऊब कमी पोचत होती. त्यानं मधली पुडी काढून कडेला लावली, सगळ्या उलट्या केल्या, मधली जागा रिकामी ठेवली, दार बंद केलं. झाल्यावर लगेच सोडल्या नाहीत. टोपलीत घालून वरून जुनं पोतं दाबलं, उमू उघडायच्या आधी मुरू देतात तशा मुरू दिल्या.

मग एक पुडी सोडली. पान मऊ, मधे मऊ, सगळीकडे सारखं. सुलिआनं घास घेतला. लिसिआते तिच्या गळ्याकडे बघत होता.

"खवखवतंय?"

"थांबा."

"खवखवतंय का?"

"बाबा, गिळू तर द्या." तिनं गिळलं. वाट पाहिली. "नाही."

"नक्की?"

"माझा घसा महिनाभर खवखवतोय, त्याला सवय झाली असेल. तुम्ही खा."

त्यानं खाल्लं. नाही खवखवलं. दुसरी पुडी सोडली, तीही ठीक. तिसरीच्या एका कोपऱ्यात, जिथं पान दुमडून जाड झालं होतं, तिथं किंचित टोचलं. बस, तेवढ्यानं त्याची झोप उडाली. बुधवारच्या पुड्या उघडून बघता येणार नव्हत्या, आणि यंत्रात एका वेळी चारच मावत होत्या. पाळक, बाहेरच्या बेटावरून आलेले पाहुणे पाळक, गावातले मोठे लोक. इतक्या पुड्यांत एकीत जरी कोपरा राहिला आणि नेमकी ती पाळकांपुढे गेली तर?

बुधवारी उजाडल्यापासून यंत्र चालू होतं. चार पुड्या, उघड, फिरव, बंद कर, टोपलीत, पोतं. पुन्हा चार. सुलिआ पानं शेकत होती, तो पानांच्या घड्या पातळ करत होता, जाड शिर कापून काढत होता. त्याचा खुबा ठणकत होता. दुपारी केलेपी डुक्कर घेऊन जाताना दारात थांबला.

"दादा, धूर नाही. उमू कुठंय?"

"तुला काय करायचंय?"

"केळीची पानं बघितली म्हणून विचारलं. खणलीस की काय लपून?"

"डुक्कर बघ तुझं, करपेल."

चर्चच्या सभागृहात चटया पसरल्या होत्या. डुकरं, मासे, कोनफळं, कलिंगडं ओळीनं, आणि मधून मधून केळीच्या पानात बांधलेल्या लूच्या पुड्या. म्हाताऱ्या बायकांनी ती पानं पाहून एकमेकींना कोपरं मारली. फॉईलच्या चकचकाटाशिवाय लू त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सेइनी पंगतीच्या पलीकडच्या टोकाला बायकांमध्ये बसली होती. तिचं तोंड लिसिआतेला दिसत नव्हतं, नुसता पंखा हलताना दिसत होता.

प्रार्थना झाली. पाळक साइमोने यांनी पुडीची दोरी सोडली. लिसिआतेच्या शेजारचा माणूस त्याला काहीतरी सांगत होता. लिसिआते "हो, हो" म्हणत होता आणि पाळकांचा हात बघत होता. पहिला घास. दुसरा. पाळक थांबले. पाळकांनी शेजारी ठेवलेलं मीठ उचललं, ते कोनफळावर टाकलं आणि तिसरा घास घेतला. पाहुण्या पाळकांनी दुसरी पुडी मागितली. कुणी खाकरलं नाही. कुणी पाण्यासाठी घाई केली नाही. एकदाच एक म्हातारा ठसकला, आणि लिसिआते अर्धवट उठला. पण म्हाताऱ्याला माशाचा काटा लागला होता.

जेवण उरकलं आणि पाळक आभार मानायला उभे राहिले. आवाज स्वच्छ. डुकराबद्दल बोलले, माशाबद्दल बोलले, मग लूकडे वळले.

"आणि ही लू," ते म्हणाले. "केळीच्या पानातली. माझ्या आजीनंतर आजच खाल्ली. आजकाल सगळं यंत्रानं होतं. पण या घराण्यात अजून कुणीतरी दगड तापवून, माती ओढून, घाम गाळून उमू लावतो, आणि ती चव जिभेला कळते."

लोकांनी "मालो, मालो" म्हणून दाद दिली. शेजारच्यानं लिसिआतेच्या मांडीवर थाप मारली. लिसिआते खाली बघून बसला. गप्प राहिलं की काम झालं. पण मग पुढच्या वर्षी सगळे त्याच्या परसात उमू बघायला येतील, आणि तो तिथं काठी घेऊन उभा असेल, नुसता. खड्डा केलेपी खणेल. आणि एकदा खड्डा केलेपीनं खणला की लूही केलेपीचीच.

तो काठी टेकत उभा राहिला. उभं राहायला वेळ लागला, म्हणून तोवर सगळे गप्प झाले.

"पाळकसाहेब, माफ करा. उमू नव्हती."

पाळक बघत राहिले.

"मुलीनं पाठवलेल्या पेटीत केलंय. त्या दिवशी केलं होतं त्याच पेटीत. तेव्हा फॉईल घातली होती, ती चूक माझी. आज पान घातलं. खणायला मला आता जमत नाही. पण शिजवायला जमतं."

पाळकांनी गळ्याला हात लावला आणि एकदा गिळून पाहिलं. मग आणखी एकदा.

"दादा," केलेपी मागून म्हणाला, "खाऊन झाल्यावर सांगितलंस, हे बरं केलंस."

सगळे हसले. पाळकही हसले आणि बसता बसता त्यांनी उरलेली पुडी आपल्याकडे ओढून घेतली. लिसिआतेला हसू आलं नाही. तो खाली बसला आणि दुखऱ्या पायाची घडी घालायचा प्रयत्न करत राहिला. आता ते काय ठरवतील ते ठरवोत.

पंगतीच्या त्या टोकाला पंखा थांबला. सेइनीनं वाकून शेजारी काहीतरी सांगितलं, आणि सुलिआ उठून, मान म्हणून कमरेला गुंडाळलेली विणीव चटई सावरत, ताटांच्या मधून वाट काढत आली. ती सासऱ्यामागे गुडघ्यांवर बसली.

"आत्यांनी निरोप दिलाय."

"सांग."

"म्हणाल्या, मांस खारट होतं. पुढल्या वर्षी आदल्या दिवशी दोनदा पाणी बदलायचं."

लिसिआतेनं मान वळवली. "पुढल्या वर्षी म्हणाली?"

"तसंच म्हणाल्या."

"मला? केलेपीला नाही?"

"केलेपीकाकांना म्हणाल्या, डुकराचं कातडं वातड होतं."

लिसिआतेनं दुखरा पाय लांब केला. मग त्याचं कपाळ आक्रसलं.

"खारट? कुठं खारट होतं? महिनाभर जिवाचं रान केलं आणि हिला मीठ सापडलं?" तो पुटपुटला. त्यानं जवळच्या पानात उरलेलं मांस चाखून बघितलं. चावलं. जरा जास्तच चावलं.

"काय सांगू त्यांना?" सुलिआनं विचारलं.

ओठांवर आलेलं उत्तर बहिणीपर्यंत पोचवण्यासारखं नव्हतं.

"बरं, म्हणावं," तो म्हणाला.